आवळा, गोळी आणि भोंगा

जिना चढण्यात पुरुषार्थ आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उतरण्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढीत नाही. परंतु ज्या गृहस्थाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच, सलग बारा किलोमीटर पळण्याचा पराक्रम केला आहे आणि जो तिसऱ्या मजल्यावरून लालबागच्या चाळीचा लाकडी जिना उतरायला निघाला आहे, त्याला विचारा! पहिल्या पायरीवर पाय टेकताच माझ्या दोन्ही मांड्यांनी असा आक्रोश केला, की मी कठडा धरून जागच्या जागी उभा राहिलो. मग थोडा विचार केला, पाठ फिरवली, आणि शिडीवरून उतरावे तसा उलटा उतरू लागलो. खालून शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. त्यांनी माझ्या पाठमोऱ्या मूर्तीकडे क्षणभर पाहिले आणि अतिशय सहानुभूतीने विचारले, "काय सर, वर काही विसरलात का?"

विसरलो काहीच नव्हतो. उलट, जे विसरू नये म्हणून मी धावायला लागलो होतो, तेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेवाले होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला, तेव्हा मी रांगण्याचे सोडून नुकताच चालू लागलो होतो. अडीच लाखांच्या आसपास माणसे त्या संपात उतरली, आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा कधीच साच्यावर उभी राहिली नाहीत. वडील त्यांपैकीच एक. पुढे त्यांना फोर्टातल्या एका इमारतीत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. साच्यांमधून दिवसभर फेऱ्या घालणारा माणूस एका लोखंडी स्टुलावर बसला, तो वीस वर्षे बसला. त्या स्टुलावरच त्यांना मधुमेह जडला. आधी चष्म्याचा नंबर वाढला, मग पायाला झालेली एक साधी जखम भरेना, आणि शेवटी पायाचे बोट गेले. त्या बोटामागोमाग त्यांचा सारा उत्साह गेला. त्यांना जिना उतरताना पाहणे मला जड जाई. तेही कठडा धरून, एकेक पायरी चाचपत उतरत. पण त्यांची कारणे वेगळी होती.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात माझ्या रक्ताच्या तपासणीचा कागद हाती आला, आणि त्यावर गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा 6.3 हा आकडा दिसला, तेव्हा मी तो कागद घडी करून कवितासंग्रहात ठेवून दिला. 5.7 ते 6.4 हा उंबरठा समजतात, 6.5 पासून पुढे घर मधुमेहाचे! डॉक्टर म्हणाले, "अजून औषध नको. पाय हलवा." मराठीचा प्राध्यापक आजवर जिभेखेरीज काय हलवीत आला आहे? तरी जुलैपासून मी पाय हलवू लागलो.

पहाटे पाच वाजता लालबागहून निघायचे, उड्डाणपुलाखालून परळ, हिंदमाता, दादर टी. टी. अशी मजल मारायची, टिळक पुलावरून पश्चिमेला उतरायचे, फुलबाजारातल्या झेंडूच्या ढिगांमधून वाट काढायची आणि शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारून परत फिरायचे. प्रथम चाललो, मग दुडकलो, मग खरोखरच पळू लागलो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पळणाऱ्यांची एक जमात असते, हे मला तिथेच कळले. ह्या जमातीची भाषा निराळी, बूट निराळे आणि देव्हाराही निराळा. त्या देव्हाऱ्यात प्लॅस्टिकच्या बाटल्या असतात.

अशीच एक बाटली एका तरुण स्नेह्याने माझ्या हाती ठेवली. "सर, अंग फार आंबतंय ना? रोज एक घ्या. अँटिऑक्सिडंट आहे." जीवनसत्त्व 'क' एक हजार मिलिग्रॅम, जोडीला जीवनसत्त्व 'ई'. परिभाषाकारांनी ह्या वस्तूला प्रतिऑक्सिडीकारक असे भारदस्त नाव दिले आहे. ते एका दमात उच्चारता आले तर वेगळा व्यायाम करण्याची गरज नाही. मी बाटली घेतली. किंमत पाहून सौभाग्यवतीने फक्त एवढेच म्हटले, "एवढ्या पैशांत मंडईतले सगळे आवळे आले असते."

गोळीमागची उपपत्ती मात्र मोठी मोहक होती. पळताना आपल्या स्नायूंना प्राणवायू कितीतरी अधिक लागतो. त्या धांदलीत काही उनाड, अर्धवट रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ही मंडळी दिसेल त्याच्याशी झोंबाझोंबी करतात, पेशींच्या भिंतींना इजा करतात. लोखंडाला गंज चढावा तसला हा प्रकार. अमेरिकेतले डेनम हार्मन ह्यांनी तर 1956 मध्ये म्हातारपणाचेच खापर ह्या मूलकांवर फोडले. मग गंज चढू नये म्हणून जसा रंग लावतात, तशा ह्या गोळ्या. 'क' जीवनसत्त्वाची कुळीही मोठी. हंगेरीच्या सेंट-ज्यॉर्जी ह्या शास्त्रज्ञाने ते सेगेड गावच्या तांबड्या मिरचीतून ढिगाने काढले आणि 1937 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. (लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला ह्याचा अभिमान वाटला तर नवल नाही!) पुढे लायनस पॉलिंग ह्या दोन नोबेल मिळवणाऱ्या पंडिताने 1970 मध्ये पुस्तक लिहून हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेने घ्यावे असा प्रचार केला. दोन नोबेलांपुढे एका प्राध्यापकाने काय बोलावे? मी श्रद्धेने गोळी गिळू लागलो.

ऑगस्ट गेला, गणपती आले नि गेले, नवरात्र झाले. मी आठवड्यातून पाच दिवस पळत होतो. ऑक्टोबरात पुन्हा रक्त तपासले. आकडा 6.2! चार महिने पहाटेची झोप मोडून, कुत्र्यांची भुंकणी आणि काकूंची सहानुभूती सोसून, पदरात पडला तो एक दशांश. त्या रात्री मला वडिलांचे ते लोखंडी स्टूल पुन्हा पुन्हा दिसत राहिले. काही गोष्टी वारशानेच येतात, आणि त्यांच्यापुढे पळून उपयोग नसतो, असा एक विचार मनात आला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

भाऊबीजेला दादरला बहिणीकडे गेलो. ओवाळणी झाली. भाचा परळच्या एका रुग्णालयात निवासी डॉक्टर आहे; छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर तो चकली हातात घेऊनच पेंगत होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने आकडा पाहिला, माझे वेळापत्रक विचारले आणि मग सहज विचारले, "मामा, आणखी काय घेतोस?"

मी अभिमानाने गोळीचे नाव सांगितले. तो खाडकन जागा झाला.

"कशाला घेतोस ही?"

"अरे, अंग आंबू नये म्हणून."

"मग आंबायचं थांबलं का?"

मी विचार केला. खरे सांगायचे तर थांबले नव्हते. आजही मी लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी जिना उलटाच उतरत होतो.

मग त्याने जे सांगितले, ते माझ्या समजुतीप्रमाणे असे. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला, म्हणजे त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. उतारावर, जिना उतरताना नेमके हेच घडते. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि आठवड्याच्या आत ओसरते. ह्यावर गोळ्यांचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी कॉक्रेन ह्या संस्थेच्या अभ्यासकांनी 2017 मध्ये 50 प्रयोग एकत्र तपासले. त्यांत 1089 माणसे होती. निष्कर्ष असा, की अँटिऑक्सिडंटांच्या मोठ्या मात्रेने दुखण्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पहिल्या दिवशी नाही आणि चौथ्या दिवशीही नाही.

"म्हणजे पैसे वाया गेले, एवढंच ना?" मी म्हटले.

"एवढंच असतं तर बरं होतं. मामा, तू साखरेसाठी पळतोयस ना?"

आणि मग त्याने मला येना विद्यापीठाची गोष्ट सांगितली. मायकेल रिस्टोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत काही निरोगी तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करवून घेतला. अर्ध्यांना रोज जीवनसत्त्व 'क' एक हजार मिलिग्रॅम आणि जोडीला 'ई' दिले. अर्ध्यांना दिले नाही. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक चांगली दाद देऊ लागले. व्यायामाचे हेच तर मोठे फळ! ज्यांनी गोळ्या घेतल्या, त्यांना हे फळ मिळाले नाही. हा निबंध 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या बाटलीवर छापलेला 'क'चा आकडा तोच होता.

मी ओवाळणीच्या ताटाकडे पाहत राहिलो. निरांजन शांतपणे जळत होते. प्राणवायूचाच खेळ तो!

"पण असं कसं होईल? गंज काढला तर लोखंड बिघडतं का?"

भाच्याने डोके खाजवले. "मामा, ते गंजाचं सोड. तुमच्या लालबागला गिरणीचा भोंगा व्हायचा ना?"

व्हायचा. आणि येथे भाच्याने, नकळत का होईना, मामाच्या वर्मावर बोट ठेवले. पहाटे भोंगा झाला की साऱ्या गिरणगावाची झोप मोडे. तान्ही मुले रडू लागत, म्हाताऱ्या शिव्या घालीत. आवाज कर्कश खराच. पण तो झाला, की चाळीचाळींतून दिवे लागत, चुली पेटत, डबे भरले जात आणि माणसांचा लोंढा गिरणीच्या दरवाजाकडे वाहू लागे. आई सांगते, संपाच्या दिवसांत भोंगा थांबला, तेव्हा सवयीने जाग यायची, आणि ती शांतता कानाला सोसवत नसे.

मुक्त मूलके म्हणजे हा भोंगा. पळताना ती वाढतात आणि थोडीफार इजाही करतात. पण त्यांच्या गलक्यानेच पेशीला समजते, की काम वाढले आहे, माणसे वाढवा. मग पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजे जिथे अन्न जाळून शक्ती तयार होते ती ऊर्जाघरे, संख्येने वाढतात. साखर उचलण्याची स्नायूंची तयारी वाढते. एवढेच नव्हे, तर ह्या उनाड मूलकांना आवरणारे शरीराचे स्वतःचे पहारेकरीही वाढतात. माझ्या वडिलांच्या पेशातली ही माणसे, आणि तीही घरचीच! आता कुणी कनवाळूपणाने पहाटे सगळ्यांच्या कानांत कापसाचे बोळे घातले, तर झोप छान लागेल. पण पाळीवर कोण जाईल?

गंमत अशी, की ही शंका पहिल्या दिवसापासूनच शास्त्रज्ञांच्या मनात होती. दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत आणि यकृतात ही मूलके दुपटीतिपटीने वाढतात, हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी दाखवले ते 1982 मध्ये. ज्या वर्षी माझ्या वडिलांचा भोंगा बंद पडला, त्याच वर्षी! त्याच निबंधात त्यांनी असेही सुचवून ठेवले होते, की ही इजाच कदाचित नवी ऊर्जाघरे उभारण्याची प्रेरणा असेल. लोकांनी इजा तेवढी लक्षात ठेवली आणि प्रेरणा विसरले. विद्यार्थीही असेच करतात. धड्यातले अवघड शब्द लक्षात ठेवतात, अर्थ सोडून देतात.

विद्यार्थ्यांवरून आठवले. गेली वीस वर्षे मी वर्गात बाजारी गाइडांच्या नावाने कंठशोष करीत आलो आहे. "अरे, कविता दोनदा वाचा, अडा, चिडा, डोकं खाजवा, त्या अडण्यातच शिकणं आहे. तयार उत्तर आयतं घेतलंत, तर मार्क मिळतील, कविता मिळणार नाही!" हे मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी मुले गाइडे घेतात. आणि मी? मी पायांना अडू दिले नाही, चिडू दिले नाही. रोज सकाळी त्यांना एक हजार मिलिग्रॅमचे गाइड आणून दिले!

परंतु शास्त्रातला कौल एकमुखी आहे असे मी म्हणणार नाही. भाच्यानेही म्हटले नाही. 2011 मध्ये डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात गोळ्या घेणारे आणि न घेणारे, दोघांचीही इन्सुलिनला दाद सारखीच सुधारलेली दिसली. 2014 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी 54 तरुण-तरुणींना अकरा आठवडे पळवले. गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत नव्या ऊर्जाघरांच्या खुणा वाढल्या नाहीत. पण पळण्याच्या चाचणीत मात्र दोन्ही गट बरोबरीने सुधारले. म्हणजे नुकसान नेमके किती, ह्यावर वाद आहे. फायदा मात्र कुणालाच ठळक दिसलेला नाही.

"आणि मामा," निघताना भाचा म्हणाला, "तुझा आकडा गोळीमुळेच अडला, असं मी म्हणत नाही. गणपतीत मोदक किती खाल्लेस?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मी सौभाग्यवतीच्या देखत दिले नाही.

घरी आलो. मनात खळबळ होती. वारसा, स्टूल, पायाचे बोट ह्या साऱ्यांपुढे मी हात टेकले होते, आणि आता कळत होते, की निदान एक दार मीच आतून कडी घालून बंद केले असण्याचा संभव आहे. हा विचार कष्टाचा होता, पण का कोण जाणे, त्याने बरेही वाटले. वारशाला इलाज नसतो, कडीला असतो. मी बाटली उचलून फळीवर मागे सारली.

आठवड्याने आवळ्याची नवमी आली. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायची रीत. लालबागेत आवळी कुठून आणणार? आई दरवर्षी मंडईतून आवळे आणते, चार तुळशीच्या लग्नाला राखून ठेवते आणि बाकीच्यांचे लोणचे घालते. तिने एक फोड मीठ लावून माझ्या हातावर ठेवली. मी घाबरलो. आवळ्यातही 'क' जीवनसत्त्व भरपूर. संत्र्याच्या कित्येक पट! मी तत्काळ भाच्याला फोन लावला. तो हसला. "मामा, एक फोड खा, दोन खा. हजार मिलिग्रॅमची गोळी रोज घेणं निराळं, आणि जेवणात आवळा, पेरू, लिंबू असणं निराळं. फळं-भाज्या खाऊन व्यायामाचं फळ गेलं, असं कुणी दाखवलेलं नाही." आईने पलीकडून विचारले, "काय म्हणतो डॉक्टर?" मी म्हटले, "आवळा खा म्हणतो." आई म्हणाली, "त्यासाठी त्याला एवढं शिकवलं?"

सौभाग्यवतीनेही एक मुद्दा जिंकला, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. सर्दीसाठी 'क' जीवनसत्त्व, ही तिची जुनी श्रद्धा. सर्वसामान्य माणसाची सर्दी ह्याने टळत नाही, असेच अभ्यास सांगतात; परंतु मॅरेथॉन धावणारे, बर्फावरून घसरत लांब पल्ला गाठणारे आणि कडाक्याच्या थंडीतले सैनिक, अशा पाच प्रयोगांतल्या 598 माणसांत सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले होते. "बघा!" ती म्हणाली. मी म्हटले, "मी सैनिक नव्हे." ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे." आणि हो, ज्यांना डॉक्टरांनी काही कमतरतेसाठी जीवनसत्त्व लिहून दिले आहे, त्यांनी माझा लेख वाचून ते बंद करू नये. मी मराठीचा प्राध्यापक आहे. माझ्या सल्ल्याने फार तर ऱ्हस्व-दीर्घ बदलावे.

पुढे जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी शर्यत धावलो. 2004 पासून ही शर्यत आपल्या शहरात होते; पण तोवर मी ती दूरदर्शन संचावर, अंथरुणातूनच पाहिली होती. पेडर रोडची चढण आली तेव्हा पाय शिशाचे झाले. तिथे मला बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवले. 1920 मध्ये अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये ते मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या काळी सेंट-ज्यॉर्जींचे 'क' जीवनसत्त्व अजून कुणी वेगळे काढलेही नव्हते! चढण संपली, चौपाटीचे वारे अंगावर आले, गिरगावच्या बाजूला उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी संत्र्याची फोड हातावर ठेवली. ती मी निर्धास्तपणे खाल्ली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी पोचलो तेव्हा दोन तास पस्तीस मिनिटे झाली होती, आणि माझ्या पुढे गेलेल्यांत एक सत्तरीचे आजोबा होते.

फेब्रुवारीत कागद आला. 5.9.

हा आकडा गोळी सोडल्याने आला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या तीन महिन्यांत चहातली साखर गेली होती, चार किलो वजन उतरले होते, आणि त्या काळात गणपतीही नव्हते. भाचा म्हणतो, एका माणसाच्या आकड्यावरून शास्त्र होत नाही. खरे आहे. पण मुलगा म्हणून मी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. ह्या वेळी कागद कवितासंग्रहात लपवला नाही. वडिलांच्या तसबिरीमागे खोचून ठेवला.

फळीवरची ती बाटली आता स्वयंपाकघरात आहे. सौभाग्यवतीने तिच्यात मोहरी भरली आहे. यंदाही जानेवारीसाठी नाव घातले आहे, आणि काल शिवाजी पार्कच्या चार फेऱ्या जास्त मारल्या. आज सकाळी जिना उतरायला निघालो, तर मांड्यांनी पुन्हा तोच जुना आक्रोश केला. काकू खालून येतच होत्या. मी कठडा धरला आणि पाठ फिरवली.

"आज काय विसरलात?" त्यांनी विचारले.

"काही नाही, काकू," मी म्हटले. "भोंगा झालाय. पाळीवर निघालोय."

त्यांना काही कळले नाही. पण वरच्या मजल्यावर कठड्याशी उभी असलेली आई ते ऐकून हसली, एवढे मात्र मला पाठमोरा उतरत असल्यामुळेच दिसले.